लाखेचा सांधा

पार्कर 51 हे शाईचं पेन उघडायचं तर आधी त्याला ऊब द्यावी लागते. या पेनाच्या निबवर एक निमुळतं आवरण असतं आणि त्यातून सोन्याचं फक्त टोक बाहेर डोकावतं. हे आवरण आतल्या भागावर आट्यांनी बसवलेलं असतं आणि त्या आट्यांत कारखान्यातच लाख भरलेली असते. लाख साधारण 75 अंश सेल्सिअसला वितळते, थोडी आधीच नरम पडू लागते. आवरण ल्युसाइट नावाच्या ज्या प्लास्टिकचं आहे ते 100 अंशांच्या जरा वर गेलं की मऊ होतं. दुरुस्त करणाऱ्याचं सगळं कौशल्य या दोन आकड्यांमधल्या अरुंद जागेत असतं. ऊब कमी पडली आणि हाताने जोर केला तर आवरण तडकतं. ऊब जास्त झाली तर ऐंशी वर्षं आकार टिकवून राहिलेली वस्तू डोळ्यांदेखत वाकडी होते.

हे मी पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या माडीवर बसून पाहिलं. तिथे एक काका पेनं दुरुस्त करतात. मूळचे ते घड्याळजी. चावीची घड्याळं कमी होत गेली तसे पेनांकडे वळले, पण डोळ्याला भिंग लावून बसायची सवय तीच. टेबलावर केस वाळवायचं यंत्र, पितळेच्या पातळ पट्ट्या, लाकडी दांडकी आणि छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. मी नेलेलं पेन त्यांनी हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, याला आधी कुणीतरी हात लावलाय."

पेन अण्णांचं. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कऱ्हाडला सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर ते दस्तलेखक म्हणून बसत. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. लोक जमिनीचा तुकडा घ्यायला किंवा सोडायला यायचे आणि त्यांच्या तोंडची हकिकत अण्णा कायद्याच्या भाषेत उतरवायचे. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, पश्चिमेस ओढा, उत्तरेस भावकीची ताल. चतुःसीमा लिहिताना त्यांचा हात कधी थांबला नाही, असं वडील सांगायचे. स्टँपपेपरवर खाडाखोड चालत नाही. खोडलं तर तिथे सही घ्यावी लागते आणि पुढे कोर्टात त्याच सहीवर बोट ठेवलं जातं. त्यामुळे वाक्य आधी मनात पुरं व्हायचं, मग कागदावर यायचं.

अण्णा लिहायला शिकले ते बोरूने, आणि तेही मोडीत. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला अक्षरं लटकावत जातात. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून रिकाम्या रेघांचे कागदच्या कागद ओढून घेतले होते. पुढे कारभार बाळबोधीत आला, बोरू गेला, टाक आला, टाकानंतर हे पेन आलं. पण अण्णांची रेघ ओढायची ढब शेवटपर्यंत तीच राहिली. हात कागदावर आडवा, पेन बरंच कललेलं, अंगठा जरा पुढे.

पेन त्यांच्याकडे कसं आलं याची घरात एक हकिकत सांगतात. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. सातारा जिल्ह्याच्या गावागावांत त्या लढाईवरून परतलेली माणसं होती. त्यांतल्या एकाने साठवलेल्या पैशांतून जमीन घेतली, अण्णांनी खरेदीखत लिहिलं, आणि लिहिणावळीच्या बदल्यात त्याने हे पेन दिलं. त्याला ते तिकडे एका अमेरिकन शिपायाकडून मिळालं होतं म्हणे. अशा हकिकती घरोघर असतात आणि तपासायला सोय नसते. इथे मात्र पेन स्वतःच थोडी साक्ष देतं. त्या काळी पार्कर कंपनी नळीवरच्या शिक्क्याशेजारी वर्षाचा शेवटचा आकडा उमटवायची आणि तिमाही सांगायला ठिपके द्यायची. आमच्या पेनावर 4 आहे. या जातीच्या भरणीची, म्हणजे शाई भरायच्या यंत्राची, पेनं 1941 ते 1948 एवढ्याच काळात झाली, म्हणजे हे 1944 चं. आणि नळीवर, शिक्क्याच्या दुसऱ्या बाजूला, एक परदेशी नाव कोरलेलं आहे. अर्धं झिजलं आहे. पहिली अक्षरं वाचता येतात, आडनावाचा शेवट बोटांखाली गेला.

पार्कर कंपनी 1888 साली सुरू झाली. 51 हे नाव कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षावरून आलं, 1939 वरून. त्या वर्षी पेनाचा आराखडा पुरा झाला होता. अमेरिकेत ते 1941 मध्ये विक्रीला आलं, साध्या टोपणाचं 12.50 डॉलरला. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावी ते तयार व्हायचं. हे पेन बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक शाई होती. कागदावर टेकताच वाळणारी, पण इतकी अल्कधर्मी की तोवरच्या पेनांचं सेल्युलॉइड तिच्यापुढे टिकत नसे. म्हणून त्यांनी नळी ल्युसाइटची केली. ल्युसाइट म्हणजे आज आपण ज्याला ॲक्रिलिक म्हणतो तेच. युद्धात विमानांच्या पारदर्शक खिडक्या त्याच्या होत. आणि अशी शाई निबवर वाळू नये म्हणून निब आवरणाखाली झाकली. बाकीची पेनं आपली सोनेरी निब मिरवत होती तेव्हा यांनी ती लपवली. मला या पेनाचं रूप आवडतं ते त्यामुळेच. त्यात दाखवण्यासाठी म्हणून काही ठेवलेलं नाही.

अण्णा गेल्यानंतर पेन कपाटात पडून होतं. कधीतरी ते पडलं असावं, टोकावर. निब वाकली होती, शेपटाकडची छोटी टोपी तडकली होती, आत शाई दगड झाली होती. आणि काकांनी पहिल्या नजरेत पाहिलं ते असं की, निबवरचं आवरण सैल झालेलं पाहून घरातल्याच कुणीतरी, चांगल्या हेतूने, त्यात झटकन चिकटणारा गोंद घातला होता. बाजारात चिमुकल्या नळीत मिळतो तो. आवरणाच्या कडेला त्याची पांढुरकी रेघ होती.

काका चिडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "लाख असती तर आज संध्याकाळी उघडलं असतं. आता थांबावं लागेल."

लाखेबद्दल तेव्हापासून मी बरंच वाचलं आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे बसतात आणि अंगाभोवती हा राळेसारखा पदार्थ सोडतात. फांद्या खरवडून, धुऊन, गाळून लाख होते. आजही भारतातली सर्वाधिक लाख झारखंडात होते. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था 1924 पासून आहे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत, आणि अमेरिकेला लागणारी लाख मुख्यतः भारतातून जायची. युद्धाने समुद्रमार्ग धोक्याचे झाले, लाख लष्करी कामाला हवी झाली, तेव्हा 1942 मध्ये तिथल्या सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर मोठी कपात घातली. त्याच काळातलं आमचं पेन. त्याच्या आट्यांतली लाख आपल्याकडच्या कुठल्यातरी पळसावरून गेलेली असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. आणि अण्णांच्या टेबलावरही लाखेची कांडी असायचीच, पाकिटं मोहोरबंद करायला. मेणबत्तीवर धरायची, थेंब पाडायचे, शिक्का दाबायचा.

पेनाच्या कारखान्यात याहून पक्के गोंद मिळाले नसते असं नाही. पण ज्यांनी हे पेन बनवलं त्यांना ते पुन्हा उघडावं लागणार हे ठाऊक होतं. आत रबर आहे. रबर काही वर्षांत मरतंच. मग सांधा असा हवा की शाई त्यातून झिरपू नये, वापरणाऱ्याच्या हातून तो चुकूनही सुटू नये, आणि ज्याला उघडायची रीत माहीत आहे त्याला मात्र तो सुटावा. लाख या तिन्ही गोष्टी करते. टोपणाच्या, खिशाला अडकवायच्या पट्टीवर निळा चौकट-हिरा आहे. ती कंपनीची हमी होती, मालकाच्या हयातभर पेन चालू ठेवण्याची. अशी हमी देणारा माणूस न उघडणारा सांधा करूच शकत नाही.

गोंदाने हे सगळं बंद केलं होतं. तो ॲसिटोनमध्ये विरघळतो, पण ॲसिटोन ल्युसाइटलाही खातो. अगदी स्पिरिटनेही ल्युसाइटवर बारीक भेगा पडू शकतात, म्हणून लाख काढतानासुद्धा काका बाहेरून स्पिरिट लावत नाहीत, ऊबच देतात. उरला पाण्याचा मार्ग. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, पण फार काळ ओल मिळाली तर त्याची पकड सुटत जाते. काकांनी पेनाचं तोंड पाण्यात बुडवून ठेवलं आणि मला घरी पाठवलं. मधून मधून ऊब द्यायची, रबराच्या पट्टीत धरून अलगद पिळून पाहायचं, हललं नाही तर पुन्हा पाण्यात. मी फोन केला की म्हणायचे, "नाही अजून." पावसाळा संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला. आवरण सुटलं होतं, अखंड. एका बाजूला गोंदाचा थोडा थर आतून राहिला होता, तो त्यांनी तसाच ठेवला. खरवडला तर ल्युसाइट ओरखडेल, आणि त्याने काही अडत नव्हतं.

त्या थांबण्याबद्दल मला फार आदर वाटतो. जोर लावायला एक क्षण पुरला असता आणि त्यांच्या हातात जोर आहे. दुसरं आवरणही त्यांच्याकडे होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी-रविवारी, ते मेलेली पेनं घेत फिरतात आणि त्यांचे चांगले भाग डब्यात जमवतात. आवरण फुटलं असतं तरी पेन चाललंच असतं.

उघडल्यावर आतलं दिसलं. निबभोवती एक नळकांडं असतं, त्याला बारीक बारीक पाती कापलेली असतात, एकमेकांना लागून. याला कलेक्टर म्हणतात. खिशातल्या उबेने पेनातली हवा फुगते आणि शाई पुढे ढकलते. ती जादा शाई या पात्यांमधल्या फटींत थांबते, सदऱ्यावर उतरत नाही. आमच्या पेनात त्या सगळ्या फटी काळ्याभोर भरलेल्या होत्या. अण्णा दस्तांसाठी निळी-काळी शाई वापरायचे, लोहाची. मायफळ, जे आपण बाळगुटीत उगाळतो, त्यातलं टॅनिन आणि हिराकस यांची ही शाई. लिहिताना फिकट दिसते, मग हवा लागून तिच्यातलं लोह बदलतं आणि कागदाच्या धाग्यांत काळं होऊन बसतं. मग पाण्याने ती निघत नाही. दस्ताला अशीच शाई हवी. जमिनीचा कागद पावसात भिजला तरी अक्षर राहिलं पाहिजे. पण जी गोष्ट कागदावर वर्षानुवर्षं टिकते ती पेनात वाळली तर तिथेही टिकते. शिवाय ही शाई आम्लधर्मी. पोलादी निबला ती गंजवते, सोन्याला काही करत नाही. महाग पेनाची निब सोन्याची करण्यामागे नुसती श्रीमंती नव्हती.

साध्या शाईने तुंबलेलं पेन अमोनियाच्या सौम्य पाण्याने सुटतं. लोहाच्या शाईवर ते चालत नाही, उलट लोह आणखी घट्ट बसतं. काकांनी आधी नुसतं पाणी वापरलं, मग क जीवनसत्त्वाचं पातळ द्रावण, ज्याने लोह पुन्हा विरघळणाऱ्या रूपात येतं. वाटीतलं पाणी गढूळ जांभळं-काळं झालं. मी तिथे होते तेव्हा. ते पाणी ओतताना मी क्षणभर त्यांचा हात धरणार होते, इतकं ते मला अण्णांचं वाटलं. मग ओतू दिलं.

भरणीकडचं काम या मानाने सरळ होतं. शेपटाकडची टोपी काढली की खाली दट्ट्या असतो. दट्ट्याच्या टोकाला रबराची छोटी पिशवी, डायफ्रॅम. दट्ट्या दाबला की पायमोजा उलटावा तशी ती पिशवी नळीत उलटते आणि हवा बाहेर ढकलते. सोडला की माघारी येते आणि शाई ओढून घेते. आतून एक बारीक श्वासनळी जवळजवळ नळीच्या मागच्या टोकापर्यंत जाते, हवा तिच्यातून निघून जाते आणि शाईची पातळी दर दाबाला चढत राहते. आठ-दहा वेळा दाबलं की पेन भरतं. नळीच टाकी, त्यामुळे शाई खूप मावते. आमचा डायफ्रॅम सुकलेल्या सालीसारखा कडक होऊन तुटला होता. नवे डायफ्रॅम दुरुस्तीवाल्यांसाठी परदेशात आजही तयार होतात, काका ते मागवून ठेवतात. भरणीचं यंत्र नळीत ज्या कड्याने बसतं त्याला खास पाना लागतो, चिमट्याने धरलं तर आटे मोडतात. तो पाना त्यांनी स्वतः खरादून घेतला आहे, एका ओळखीच्या कारखान्यातून.

तडकलेल्या टोपीच्या जागी त्यांच्या डब्यातली एक चपखल बसली, पण ती काळी. पेन निळं-करडं, पार्करच्या यादीत ज्याला सिडार ब्लू म्हणत. काका म्हणाले, निळी शोधता येईल, वेळ लागेल. मी काळी घेतली. पेनाच्या टोकाला आता दुसऱ्या कुठल्यातरी पेनाचा तुकडा आहे आणि तो स्पष्ट दिसतो. मला तो दिसलेला बरा वाटतो. काय मूळचं, काय नंतरचं, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. निळी सापडली तर काळी दोन फेऱ्यांत निघते.

खरा प्रश्न निबपाशी आला.

51 ची निब म्हणजे एक नळी असते, 14 कॅरेट सोन्याची, पुढे निमुळती होत जाणारी. 14 कॅरेट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, बाकी इतर धातू, कारण शुद्ध सोनं लिहिण्याइतकं ताठ राहत नाही. टोकावर एक अगदी लहान कठीण गोळी वितळवून बसवलेली असते. ती प्लॅटिनमच्या गटातल्या कठीण धातूंच्या मिश्रणाची. सोनं कागदाला कधी लागतच नाही, लागते ती ही गोळी. वाकलेलं सोनं सरळ करता येतं. लाकडी दांडकीवर ठेवून, पितळेच्या पट्टीने, एका वेळी थोडं. पण प्रत्येक वाकवण्याने सोनं ताठ होत जातं आणि फार वेळा मागे-पुढे केलं तर चीर पडते. म्हणून काका आधी नुसते पाहत बसतात. कुठून वाकलं, कुठल्या दिशेला, हे पक्कं झाल्याशिवाय हत्यार उचलत नाहीत.

निब सरळ झाली. भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. "टोक बघा," म्हणाले.

गोळी गोल नव्हती. तिच्या एका बाजूला सपाट पैलू पडला होता, तिरपा, आरशासारखा गुळगुळीत. एवढ्या कठीण धातूला कागदाने घासून घासून केलेला. काकांनी कोऱ्या कागदावर पेन उभं धरून रेघ ओढली. रेघ खरखरली, मधे तुटली. मग पेन कलवलं, जरा फिरवलं, हात आडवा केला, आणि शाई अशी सुटली की आवाजसुद्धा झाला नाही. "हे असं धरायचे तुमचे अण्णा," काका म्हणाले. त्यांनी अण्णांना कधी पाहिलं नव्हतं.

शिरोरेषेने असं होतं, हे त्यांचं मत. देवनागरी लिहिणाऱ्याची निब डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लांब रेघेवर झिजते, इंग्रजी लिहिणाऱ्याची वेगळी झिजते, आणि हाताखालून गेलेल्या पेनांवरून ते बऱ्याचदा ओळखतात. मी ते पडताळू शकत नाही. पण कऱ्हाडच्या कचेरीबाहेर ओढलेल्या रेघांचा विचार केला तर मला ते अवघड वाटत नाही.

मग त्यांनी विचारलं, "ताई, घासू का? घासलं तर तुमच्या हाताला येईल. कशीही धरा, लिहील. नाही घासलं तर असंच धरावं लागेल."

हा प्रश्न मी बाजारातून घेतलेल्या पेनाबद्दल असता तर उत्तर सोपं होतं. पेन लिहिण्यासाठी असतं, माझ्या हाताला न येणारं पेन माझ्या काय कामाचं? बारीक पॉलिशच्या कागदावर निब फिरवून, टोकाला आपल्याला हवी तशी गोलाई देणारे चांगले कारागीर आहेत आणि त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण गोळीवरचा धातू एकदा गेला की परत येत नाही. तोवर पेनावर जे जे केलं होतं ते उलटं फिरवता येणारं होतं. डायफ्रॅम पुन्हा निघतो. टोपी निघते. लाख उबेने सुटते. निब सरळ केली तीही मूळ जागी आणली एवढंच. घासणं तसं नव्हतं. तो पैलू कुणी पाडायचा म्हणून पाडला नव्हता. हजारो सर्वे नंबर, चतुःसीमा, "सदर जमीन निर्वेध व निजोखमी" अशा ओळी लिहिता लिहिता तो पडला. अण्णांचं हस्ताक्षर लोकांच्या घरी ट्रंकांत आहे, रजिस्ट्रारच्या दप्तरात आहे. आमच्या घरी त्यातलं जवळपास काही नाही, कारण दस्त दस्तलेखकाकडे राहत नाही. त्यांचा हात आमच्याकडे राहिला तो या टोकावरच.

"नका घासू," मी म्हणाले.

नळीच्या बाबतीत त्यांना विचारावंच लागलं नाही. ल्युसाइट आरपार एकाच रंगाचं असतं, त्यामुळे त्यावरचे ओरखडे पॉलिशने पूर्ण घालवता येतात आणि पेन काल कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. विकायला ठेवलेली किती तरी जुनी पेनं अशी दिसतात. पण पॉलिश म्हणजे वरचा थर काढणं. शिक्का उथळ असतो, तो दोन-चार वेळा पॉलिश झालं की जातो. 4 गेला असता आणि त्याबरोबर पेनाचं वर्ष गेलं असतं. ते परदेशी नावही गेलं असतं. ज्याने ते कोरून घेतलं तो कोण, त्याने पेन दिलं, विकलं, हरवलं की त्याच्यापासून सुटलं, यातलं काही आमच्या हातात नाही, म्हणून ते आपण पुसावं असं मला मुळीच वाटत नाही. काकांनी नळी ओल्या मऊ कापडाने पुसली, टोपणाचा पोचा आतून लाकडी दांडीने जितका सहज निघाला तितका काढला, आणि थांबले.

कोलकात्यात धर्मतळ्याला 'पेन हॉस्पिटल' नावाचं लहानसं दुकान आहे, पेनांवर प्रेम असणाऱ्या सगळ्यांना ते माहीत असतं. इतरत्र असे हात फार थोडे उरले. रिफिल संपली की फेकायची अशी पेनं आली आणि दुरुस्त करायला काही राहिलंच नाही. काकांकडे शिकायला कुणी येत नाही. हे मला सहन होत नाही, आणि त्यावर माझ्याकडे उपायही नाही. एवढंच करते की ज्याच्या घरी जुनं पेन पडून आहे त्याला त्यांच्याकडे पाठवते, आणि गोंद लावू नका म्हणून आधी बजावते.

पेन नेताना काकांनी तोंडाचे आटे पुन्हा लाखेने बसवले. काडीच्या टोकावर घेऊन अगदी पातळ हात. रात्रभर वाळू दिली. मग निळी शाई भरली, साधी, धुतली जाणारी. लोहाची शाई या पेनात परत घालायची नाही, आणि लिहिणं बरेच दिवस होणार नसेल तर पाण्याने धुऊन ठेवायचं, एवढं त्यांनी सांगितलं. जुना डायफ्रॅम आणि तडकलेली टोपी एका कागदी पुडीत बांधून दिली. ते नेहमीच देतात. काढलेला भाग मालकाचा असतो, म्हणाले.

मी आता या पेनाने लिहिते. हात आडवा, पेन कललेलं, अंगठा पुढे. आधी मनगट दुखायचं. अक्षर माझंच आहे, पण शिरोरेषा मी पूर्वी अक्षराअक्षराला तोडायची, ती आता शब्दभर एकसलग येते, कारण हे टोक तशीच मागतं.

डायफ्रॅम पुन्हा कधीतरी जाईल. रबर आहे, पंधरा-वीस वर्षांनी म्हणा. तेव्हा पेन कुणाच्या टेबलावर जाईल ठाऊक नाही, म्हणून काकांनी पुडीत एक चिठ्ठी घातली आहे, पेन्सिलीने लिहिलेली. तारीख. डायफ्रॅम बदलला. मागची टोपी दुसऱ्या पेनाची. निब सरळ केली, घासलेली नाही. आवरणाला लाख लावली आहे, ऊब देऊन उघडावं. आत डाव्या अंगाला जुना गोंद आहे, तिकडून जोर देऊ नये.